पंचाचं ताट

आमच्या लॉन्ड्रीत एक प्लास्टिकचा डब्बा आहे. गेस्टच्या कपड्यांच्या खिशातून जे निघते ते त्यात जाते. गाडीची चावी, एका कानातलं झुमकं, एकदा तर दातांची कवळी! फोन करून विचारलं तर अर्धे लोक म्हणतात, "आमचं नाही." किस्सेही असेच जमतात. घडतात कोणाच्या तरी अंगावर, आणि मग माझा म्हणून कोणीच हात वर करत नाही. पडून राहतात आमच्यासारख्यांकडे.

जागा म्हणजे ताडोबाच्या मोहर्ली गेटच्या अलीकडचं एक रिसॉर्ट. समोरून जंगल, मागून जनरेटर. मी फ्रंट ऑफिसला बसतो. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. काऊन सोडलं, हे विचारणारे सगळे पन्नाशीच्या पुढचे असतात आणि त्यांच्यातला एकही कॉलेजात गेलेला नसतो. माझे बाबा, मारोतीभाऊ, इथंच हेड कुक आहेत. हाताला चव, आणि साहेब समोर आला की तोंडाला कुलूप. लॉन्ड्रीत मंदाबाई. तो डब्बा तिचाच. खाली सांगतो ते किस्सेही बरेचसे तिचेच, पण विचाराल तर ती म्हणन, "आमचं नाई."

*

एक दिवस पुण्याहून एचआर मॅडम आल्या. सगळ्या स्टाफला डायनिंग हॉलमध्ये बसवलं. प्रत्येकाच्या पुढ्यात इंग्रजी करार, आणि सही करायच्या जागी पेन्सिलीची फुली. फुली मॅडमनं स्वतः मारून आणली होती. आम्हाला तेवढाही त्रास नको म्हणून.

"आपण सगळे एक फॅमिली आहोत," मॅडम म्हणाल्या. "आणि फॅमिलीत भांडण झालं तर कोणी कोर्टात जातं का?"

आमच्या तालुक्यात कोर्टात जाणारे सगळे एकाच फॅमिलीतले असतात. भाऊ विरुद्ध भाऊ, काका विरुद्ध पुतण्या. पण माना सगळ्यांनी डोलवल्या.

मी शेवटचं पान वाचलं. वाद झाला तर कोर्टात जायचं नाही, लवादाकडे जायचं. लवाद कंपनी नेमणार. बसणार पुण्यात. काम चालणार इंग्रजीत. तो म्हणन ते शेवटचं.

"मॅडम, लवाद म्हणजे?"

"अरे, सोप्पं आहे. लवाद म्हणजे पंच! तुमच्या गावात असतात ना पंच?"

अख्ख्या हॉलचा जीव भांड्यात पडला. पंच! मग काऊन घाबरून राह्यलो आपण? वकील नाही, तारीख नाही, चंद्रपूरच्या चकरा नाहीत. पंच बसन, दोघांचं ऐकन, सांगून टाकन.

"पंच असन तर बेसच हाये," बाबा म्हणाले. मॅडमसमोर बाबांच्या तोंडून अख्खं वाक्य निघालेलं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते असं निघालं.

मी म्हटलं, "पण पंच तर दोन्हीकडचे मिळून नेमतात ना?"

मॅडमनं घड्याळ पाहिलं. बाबांनी मला पाहिलं.

"चूप बस बे. सही कर लवकर. भात थंडा होऊन राह्यला."

ज्याला सही करायची नाही त्यानं उद्यापासून यायचं नाही, हे मॅडमनं सुरुवातीलाच फॅमिलीच्या मायेनं सांगून ठेवलं होतं. त्यामुळे सह्या सगळ्यांच्या झाल्या. ज्येष्ठ मंडळींच्या सगळ्यात आधी.

दुनियेत कोणी कोणी कोर्टाचा हक्क कशाकशापायी सोडला असन, मला माहीत नाही. आम्ही गरम भातापायी सोडला.

*

पंच म्हटल्यावर आमच्या म्हाताऱ्यांचा जीव भांड्यात काऊन पडला, ते समजायला बाबांचाच एक किस्सा सांगावा लागन.

बाबा गावात पंच आहेत. रिसॉर्टात टोपी घातलेला मारोती, गावात मारोतीभाऊ. आमच्याकडे पंचाचा एक नियम आहे. निवाडा होईपर्यंत पंच दोन्ही पक्षांपैकी कोणाच्या घरचं अन्न घेत नाही. पाणीसुद्धा नाही. ज्याचं खाल्लं त्याच्याकडे जीभ वळते म्हणतात. म्हणून बाबा बैठकीला जाताना फडक्यात शिदोरी आणि पितळेचा लोटा घरून घेऊन जातात.

एकदा शेजारच्या गावात दोन भावांचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून भांडण. मे महिना. आपलं ऊन काय असते, सांगायची गरज नाही. बाबा शिदोरी घेऊन गेले आणि लोटा घरी विसरले. दोन्ही भाऊ बोलतच राहिले, बाबा ऐकतच राहिले. निवाडा तोंडावर आला आणि बाबा चक्कर येऊन आडवे!

आता तोंडावर पाणी मारायचं, तर कोणाच्या विहिरीचं? मोठा भाऊ लोटा घेऊन धावला. धाकट्यानं त्याचा हात धरला. "तुह्या पाण्यानं शुद्धीवर आला तर तुह्याचकडून बोलन!" धाकट्यानं आपली बादली आणली, तर थोरल्याची बायको आडवी झाली. पंच मातीत पडलेला, आणि दोन्ही पक्ष पाण्यावरून नवीन वाद घालून राह्यले.

शेवटी एक शहाणी म्हातारी शाळेच्या बोअरिंगवर गेली आणि हंडा भरून आणला. सरकारी पाणी. त्यावर कोणाचाच आक्षेप नव्हता.

बाबा डोळे उघडून पहिलं काय बोलले असतील? "पाणी कोणाचं होय?"

मी हा किस्सा वर्षानुवर्षं बाबांची टर उडवायला सांगत आलो.

*

आता मंदाबाई.

तिचं घर नाल्याच्या पलीकडे. घरापासून लॉन्ड्रीपर्यंत एक पायवाट, मध्ये बांबूचं बन. ही वाट आमच्यापेक्षा एका वाघिणीला जास्त आवडते. थंडीच्या दिवसांत सकाळी उन्हाला येऊन बसते. मग मंदाबाई पलीकडे उभी राहते आणि सुपरवायझरला फोन करते.

"साहेब, वाघीण बसली हाये वाटेवर."

"किती वेळ बसणार आहे?"

"मले काय सांगते ते!"

आमच्याकडे गेस्टला वाघ दिसला तर संध्याकाळी केक कापतात. गेस्ट नाचतो, मॅनेजर टाळ्या वाजवतो, मी फोटो काढतो. मंदाबाईला दिसला तर मेमो. पहिल्या वेळी तोंडी, दुसऱ्या वेळी लेखी. तिसऱ्या वेळी तिला काढूनच टाकलं. पत्रात लिहिलं होतं की वाघाचं खोटं कारण सांगून ही वारंवार उशिरा येते.

ते पत्र मी तिला मराठीत करून सांगितलं. तिनं 'काढलं' हे एकदाच ऐकलं. 'खोटं' हे मात्र तीनदा वाचायला लावलं.

"पंकज, कामावरून काढलं ते काढलं. पण मी खोटी काऊन? एवढ्या वर्षांत गेस्टच्या खिशातून सोन्याची चेन निघाली तरी मी डब्ब्यात टाकली. आता मी वाघ चोरला काय?"

तिची मागणी दोनच गोष्टींची. काम परत द्या, आणि तो 'खोटं' शब्द काढा.

कंपनीनं उत्तर दिलं की तक्रार असेल तर करारानुसार लवादाकडे या. लवाद कंपनीनं नेमलाच होता. नागपूरचे एक साहेब, मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. सुनावणी पुण्याऐवजी आमच्याच रिसॉर्टात ठेवली. मंदाबाईची सोय म्हणून नव्हे. लवाद साहेबांनी ताडोबा पाहिलं नव्हतं.

*

मी म्हटलं, लवाद गेला खड्ड्यात, आपण चंद्रपूरला कामगार ऑफिसात जाऊ.

घरी बाबा ताटावरून उठले. "सही केली ना तिनं? सही म्हणजे शब्द. शब्द देऊन मागं फिरत नाईत."

"बाबा, वाचून दिला होता का तो शब्द?"

"शब्द वाचत नाईत. देतात."

या पिढीशी वाद घालायचा म्हणजे एसटीच्या मागं धावणं आहे. दमतो आपणच, आणि कंडक्टर खिडकीतून पाहून हसते.

तरी मंदाबाईला घेऊन मी गेलो. ऑफिसातल्या साहेबांनी करार वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. म्हणाले, "बाई, कामगाराला कामावरून काढल्याचा वाद असा खाजगी पंचाच्या दावणीला बांधता येत नाही. सही घेतली म्हणून आमचं दार बंद होत नाही. तुम्ही इथं अर्ज करा."

मी खुर्चीतच टाळी वाजवली. इतके दिवस सगळे म्हातारे 'सही केली, सही केली' म्हणून रडून राह्यले होते, आणि दार उघडंच होतं! कोणी ढकलून पाहिलं नव्हतं, एवढंच.

मंदाबाई म्हणाली, "साहेब, मग मी आधी पंचापुढे जाऊन येऊ का?"

मी कपाळावर हात मारला. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"पंचानं बोलावलं आन् मी नाई गेली, तर गाव काय म्हणन? म्हणन, खोटीच होती, तोंड लपवलं. मले तोंड दाखवाचं हाये साहेब."

साहेबांनी कराराची घडी करून तिच्या हातात दिली. मग म्हणाले, "ठीक आहे. जा, बोला. पण एक लक्षात ठेवा. तिथं कुठल्याच कागदावर सही करू नका. कोणी कितीही गोड बोललं तरी नाही."

"नाई करत."

"शाब्बास. आता या अर्जावर सही करा."

"नाई करत!"

साहेबांना वाटलं गंमत करते. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. पुढचा अर्धा तास कामगार ऑफिस, कामगाराच्या हक्कासाठी, कामगाराची मनधरणी करत होतं. शेवटी साहेबांनी पूर्ण अर्ज मराठीत मोठ्यानं वाचून दाखवला, तेव्हा कुठं तिनं सही केली. परत येताना घर येईपर्यंत ती पुटपुटत होती, "थोबाड पाहून कोणावर विश्वास ठेवावा आजकाल."

*

लवाद साहेब आले. पांढरे केस, हातात काठी, बोलणं हळू. मॅडमनं त्यांना तळ्याकाठचं सगळ्यात महाग कॉटेज दिलं.

जेवायची वेळ झाली. डायनिंग हॉलमध्ये मॅडम, कंपनीचे वकील साहेब आणि लवाद साहेब एका टेबलवर. मॅडमच्या पुढे ताट आलं. वकील साहेबांच्या पुढे आलं. लवाद साहेबांच्या पुढे काहीच नाही. पाण्याचा ग्लाससुद्धा नाही!

वकील साहेबांनी भाकर मोडली आणि तशीच हातात धरून बसले. लवाद साहेब खिडकीबाहेर पाहून राह्यले. मॅडमनं वेटरला खूण केली, वेटर आत गेला आणि तसाच परत आला.

"मारोतीभाऊ म्हणतात, त्यांचं ताट लावाचं नाई."

मॅडम किचनमध्ये गेल्या. मी मागोमाग. माझी छाती फुगली होती. वाटलं, आज बाप उठला! आज बापानं कंपनीच्या पंचाला उपाशी ठेवलं! मी मनातल्या मनात बाबांना सगळं माफ करून टाकलं.

"मारोती, सरांचं ताट का नाही?"

बाबा बावचळले. "मॅडम, ते पंच होत ना?"

"मग?"

"मग ते शिदोरी आणली असन ना त्यायनं! मी तर म्हटलं, खोलीत जेवतीन. आपण ताट ठेवलं तर त्यायले वाटन का आपण त्यायले बाटवून राह्यलो."

विरोध नव्हता, निषेध नव्हता. बाबांना खरंच वाटलं होतं की नागपूरचा लवाद फडक्यात भाकर बांधून आला असन.

मॅडमनं डोळे मिटले. "मारोती, ते आपले गेस्ट आहेत. सर इथं आहेत तोपर्यंत त्यांना कशाची म्हणून कमी पडता कामा नये. जे सगळ्यात चांगलं येतं ते करायचं. समजलं?"

"समजलं जी."

बाबा स्वतः टेबलवर गेले, हात जोडले, माफी मागितली. मी फुगलेली छाती घेऊन रिसेप्शनवर जाऊन बसलो. आपला बाप क्रांती करन म्हणून वाट पाहू नये. रक्तदाब वाढते.

त्यानंतर मात्र बाबांनी चूक अशी भरून काढली की किचनमधून निघणारं प्रत्येक चांगलं भांडं तळ्याकाठच्या कॉटेजकडेच जाऊन राह्यलं.

*

सुनावणी कॉन्फरन्स हॉलमध्ये. एसी एवढा की मंदाबाईनं पदर कानावरून घेतला. एका कोपऱ्यात कंपनीचाच टायपिस्ट. मी मंदाबाईच्या शेजारी, इंग्रजीचं मराठी करायला.

मॅडम म्हणाल्या, "पंकज, तू आपला स्टाफ आहेस. तू नक्की कोणाकडून बसला आहेस?"

"फॅमिलीकडून, मॅडम."

वकील साहेब उठले. कामगार ऑफिसातला अर्ज कसा करार मोडून केला आहे, हे त्यांनी बराच वेळ सांगितलं. मग मंदाबाईकडे वळले. "वाघ होता, वाघ होता, असं या बाई म्हणतात. याला एक तरी पुरावा?"

मी फोन पुढे केला. आमच्याच रिसॉर्टचं इन्स्टाग्राम. तिला काढलं त्याच तारखेची सकाळ. पायवाटेवर उन्हात बसलेली वाघीण, बाजूला आमच्या लॉन्ड्रीची निळी टाकी. खाली कंपनीनंच लिहिलेलं, 'आमच्या शेजारीण बाई. गुड मॉर्निंग!'

लवाद साहेबांनी फोन जवळ घेतला, लांब धरला, मग मॅडमपुढे केला. "हे काय आहे?"

"सर, ते मार्केटिंग आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे... ते खरंच असतं असं नाही."

मी मंदाबाईला मराठीत सांगितलं. ती हळूच म्हणाली, "मग यायले कोणी मेमो देला काय?"

मी तेही इंग्रजीत करून सांगितलं. माझं कामच ते होतं.

वकील साहेब म्हणाले, फोटो जुना असू शकतो, जागा दुसरी असू शकते, निळ्या टाक्या काय जगात कमी आहेत? लवाद साहेबांनी हिशेब केला असावा की असं दिवसभर चालन. म्हणाले, "उद्या सकाळी ती वाट पाहू. अकराला पुन्हा बसू."

*

सकाळी निघालो. लवाद साहेब काठी टेकत, वकील साहेब चकचकीत बुटांत, मी आणि मंदाबाई पुढे. टाकी तीच, वाट तीच. बांबूच्या बनात शिरलो आणि वरून वानर ओरडलं. एकच, कोरडं. मग पलीकडून चितळ.

गेस्ट लोकांना हे आम्ही सफारीच्या आधी शिकवतो. जनावर असं ओरडलं, म्हणजे कॉल दिला, की त्याला वाघ दिसला समजायचं. वकील साहेबांनी आदल्या दिवशीच सफारी केली होती. म्हणजे शिकलेले होते. मी मागं वळून पाहिलं तोवर ते टाकीपाशी पोचलेसुद्धा. त्या बुटांत एवढं पळता येते, मला माहीत नव्हतं!

मागची वाट धड दिसत नव्हती, पुढं मंदाबाईचं घर जवळ होतं. आम्ही तिघं नाला ओलांडून तिच्या ओसरीवर जाऊन बसलो. वाघ आम्हाला दिसला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. नुसता कॉल. थांबायचा, परत सुरू व्हायचा.

लवाद साहेबांनी खिशातून गोळी काढली. "बाई, जरा पाणी मिळेल? आणि चहा असेल तर अर्धा कप."

मंदाबाई चुलीपासून हलली नाही. "नाई साहेब. निवाडा होयेपर्यंत पंचाले काई देत नाई आमच्यात."

"अहो, बीपीची गोळी आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. शाळेचं बोअरिंग लांब होतं, आणि मध्ये वानर ओरडून राह्यलं होतं. शेवटी तिनं पाणी दिलं, कोरा चहा दिला, आणि तोंड फिरवून बसली, जसं काही तिनं पाहिलंच नाही.

अकरा वाजत आले. साहेबांनी बनाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि मॅडमना फोन लावला.

"मला पोचायला उशीर होईल. वाटेत बहुतेक वाघ आहे. नाही, किती वेळ ते मी कसं सांगू?"

फोन ठेवला. मंदाबाई सुपात तांदूळ पाखडून राह्यली होती. मान वर न करता म्हणाली,

"तिसऱ्यांदा झालं का काढतात, साहेब."

*

आम्ही पोचलो तेव्हा हॉलमध्ये मॅडम आणि वकील साहेब बसलेले. वकील साहेबांचा श्वास जागेवर आला होता आणि त्यांच्याकडे टाइप केलेला कागदही तयार होता. चहाची बातमी कोणाच्या तरी फोनवरून आमच्या आधी पोचली होती. जंगलात वाघ दिसत नाही, पण चहा पिताना माणूस बरोबर दिसते.

"सर, एक आक्षेप आहे. नाइलाज आहे आमचा."

"वाचा."

वकील साहेबांनी वाचलं. "लवादानं सुनावणी चालू असताना एका पक्षाच्या घरी बसून खाणंपिणं घेतलं. जो लवाद एका पक्षाचं अन्नपाणी घेतो, तो निःपक्षपाती राहू शकत नाही. सबब कंपनीला त्यांच्यावर भरवसा उरलेला नाही."

मंदाबाईला मी मराठीत सांगितलं. तिचं तोंड एवढंसं झालं. "मी म्हटलं होतं ना बाप्पा," ती कुजबुजली, "पाणी देऊ नये."

मॅडम समाधानानं मान हलवून राह्यल्या होत्या. आपल्या बाजूचा लवाद हातचा जाते की राहते, त्याच्याशी त्यांना मतलब नव्हता. दुसरा नेमता येत होता. नेमणारी कंपनीच तर होती.

लवाद साहेब म्हणाले, "पुन्हा वाचा."

वकील साहेबांनी पुन्हा वाचलं. या वेळी मोठ्यानं.

"म्हणजे एका पक्षाचं खाल्लं की पंच चालत नाही. हे कंपनीचं म्हणणं?"

"अगदी बरोबर, सर."

"मॅडम, तुमचंही हेच म्हणणं?"

"हंड्रेड पर्सेंट, सर."

साहेबांनी टायपिस्टकडे पाहिलं. "दोघांचंही घ्या. कंपनीचं म्हणणं म्हणून." मग खिशात हात घातला, तळ्याकाठच्या कॉटेजची चावी काढली आणि टेबलावर ठेवली.

"किचनमधून मारोतीभाऊंना बोलवा."

बाबा टोपी सावरत, हात पुसत आले. दारातच उभे राहिले. त्यांना वाटलं, परत ताटाचंच काहीतरी चुकलं. चेहरा माझ्या ओळखीचा, साहेबापुढचा, कुलूप लावलेला.

"घाबरू नका," लवाद साहेब म्हणाले. "मी आल्यापासून तुम्ही मला काय काय खाऊ घातलं, आठवतं?"

बाबांनी मॅडमकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग हळूहळू त्यांचा चेहरा उघडला. एवढे गेस्ट येऊन जेवून गेले, 'नाइस, नाइस' म्हणून गेले, पण नाव घेऊन कोणी विचारलं नव्हतं. बाबा दारातून पुढे आले. बोटं मोजायला हात वर केला.

"आठवते ना साहेब! पहिल्या रातच्याले उशीर झाला, तरी गोळाभात केला, वरतून कढवलेलं तेल. सकाळी तांदळाचे घावन, संगं हिरव्या मिरचीचा ठेचा. दुपारी पाटवडीचा रस्सा. मॅडमनं सांगतलं, गावरान कोंबडं आणा, तं भल्या सकाळी गावातून आणलं. मसाला लावून मुरवत ठेवलं, घाई नाई केली. मग वांग्याचं भरीत, तुमाले झणझणीत चालत नाई म्हणून वेगळं काढलं. कॉटेजवर चार वाजताचे भजे, तेही मॅडमनंच पाठवाले लावले..."

टायपिस्ट कंपनीचाच होता, पण बोटं त्याची चालू होती.

"मारोती, पुरे!" मॅडम म्हणाल्या.

बाबांनी जन्मात पहिल्यांदा एका साहेबाला हातानं थांबवलं.

"थांबा ना मॅडम," ते म्हणाले, "अजून गोड राह्यलं सांगाचं."